काजूच्या तेलातले खांब

जो पदार्थ अजून पाण्यात पडलेलाच नाही, तो पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांना किती मारील, हे आधीच कागदावर सांगता येते काय? या एका प्रश्नाचे उत्तर नीट मांडण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. एके काळी मला ते उत्तर येत होते.

मी कोल्हापुरात महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि तिथली शिस्त अंगात कायमची मुरली. व्याख्या आधी, उदाहरण नंतर, अपवाद तासाच्या शेवटी. घंटा लवकर झाली तर राहून जायचा तो अपवाद. त्याचे मला कधी फारसे वाईट वाटले नाही.

तेव्हा व्याख्या आधी. सहा कार्बनांचे एक कडे असते. त्या कड्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची जोडी थेट चिकटली की त्या पदार्थाला फिनॉल म्हणतात. उदाहरणे शोधायला प्रयोगशाळेत जावे लागत नाही. लवंगेचा वास फिनॉलचा, ओवा चावल्यावर जिभेला बसणारा चटका फिनॉलचा, जुन्या काळ्या फिनेलचा दवाखान्यासारखा वासही त्याचाच. कड्याला आणखी काय जोडले आहे, यावर प्रत्येकाचा स्वभाव ठरतो. क्लोरीन जोडला तर एक, कार्बनांची शेपटी जोडली तर दुसरा.

हा स्वभाव मोजायची एक सोपी रीत आहे. एका बाटलीत अर्धे पाणी आणि अर्धा तेलकट द्रव घ्यायचा, त्यात पदार्थ घालून बाटली हलवायची आणि मग ती स्थिर होऊ द्यायची. पदार्थ वरच्या तेलकट थरात किती गेला आणि खालच्या पाण्यात किती उरला, यावरून त्याची तेलाकडची ओढ कळते. ही ओढ महत्त्वाची अशासाठी, की प्रत्येक जिवंत पेशीभोवतीचे आवरण स्निग्ध असते. ज्याला तेल आवडते तो त्या आवरणात शिरतो. म्हणून साधारण नियम असा, की तेलाची ओढ जितकी जास्त, तितका पदार्थ कमी मात्रेत मारक. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर ओढ मांडावी, उभ्या अक्षावर मारकता मांडावी. ठिपके जवळजवळ एका रेघेत येतात. रेघ एकदा मिळाली की नव्या फिनॉलची फक्त ओढ मोजायची आणि बोट रेघेपर्यंत वर न्यायचे. त्याचे विष किती, ते तिथे लिहिलेलेच असते.

एम.एस्सी.च्या मुलांकडून मी दरवर्षी हे करून घेत असे. जीव म्हणून आम्ही पेंढ्याच्या पाण्यात वाढणारा एकपेशी प्राणी वापरायचो. रंकाळ्यावरून बाटलीभर पाणी आणायचे, त्यात भाताचा पेंढा भिजवून झाकून ठेवायचे, आठवड्याभरात थेंबाथेंबात गर्दी होते. सूक्ष्मदर्शकातून तो चपलेच्या तळव्यासारखा दिसतो, अंगभर बारीक केस, सतत पुढे, अडला की मागे, पुन्हा पुढे. आमच्या प्रयोगशाळेत एक परिचर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा बराच वेळ काढलाच नाही.

"चप्पलच हाय की ही, मॅडम," ते म्हणाले. "फकस्त कोल्हापुरी न्हाय. करकर वाजंना."

मुले हसली. मग आम्ही पाकीट उघडले. माझी पद्धत अशी होती, की रेघेवरून काढलेले भाकीत आधी पाकिटात बंद करायचे, टेबलावर सर्वांसमोर ठेवायचे आणि प्रयोग झाल्यावर उघडायचे. त्या दिवशी ओव्यातल्या फिनॉलची पाळी होती. काचपट्टीवरच्या प्राण्यांनी आधी गोल गोल फिरायला सुरुवात केली, मग ते जागीच थरथरले, मग एकेकाचे आवरण फुटून आतला ऐवज पाण्यात सांडला. ज्या मात्रेला निम्मे मरतील असे मी लिहिले होते, त्या मात्रेला निम्म्याच्या आसपासच मेले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मरणाचा अंदाज बरोबर आला म्हणून पंधरावीस माणसे टाळ्या वाजवत आहेत, यात काही वावगे आहे असे त्या खोलीत कोणालाही वाटले नाही.

आता माझ्या माहेराविषयी. आमचे गाव चंदगड तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. तिथे माझा थोरला भाऊ आणि वहिनी राहतात. दादा भातशेती बघतो. वहिनी जवळच्या एका काजूच्या कारखान्यात बी फोडायला जायची. काजूच्या कठीण टरफलाच्या आत जाळीदार पोकळी असते आणि तिच्यात काळपट, चिकट तेल असते. बी फोडताना ते बोटांवर येते आणि कातडी जाळते. बायका बोटांना राख किंवा खोबरेल लावून बसतात, तरी ते आत शिरतेच. वहिनीच्या उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटे काळी पडली होती. साल निघायची, नवी यायची, तीही काळी व्हायची. सणावाराला पाहुण्यांना वाढताना ती डाव्या हाताने पदर पुढे ओढून उजवा हात झाकायचा प्रयत्न करायची, आणि मग वाढायचे कसे म्हणून स्वतःच हसायची.

या कामातून बाहेर पडायचे तिने ठरवले होते. खालच्या वावरात एक शेततळे खणून घेतले होते. पावसाने ते भरणार होते आणि त्यात मत्स्यबीज सोडायचे होते. तळे नीट चालले तर काजूच्या पाटावर पुन्हा बसायचे नाही, असे तिने मला एका सुट्टीत सांगितले होते. हे सांगताना ती पाण्याकडे बघत नव्हती, बोटांकडे बघत होती.

ते टरफलाचे तेल म्हणजे मुख्यत्वे फिनॉलच. नेहमीचेच कडे, नेहमीचीच जोडी, पण मागे पंधरा कार्बनांची लांबलचक शेपटी. मला साहजिकच कुतूहल वाटले. दादाकडून मी एक बाटली तेल मागवले, त्यातल्या मुख्य फिनॉलची तेलाकडची ओढ आकडेमोडीने काढली आणि आलेखावर मांडायला गेले, तर कागद संपला. मी दुसरा कागद डिंकाने जोडला आणि पट्टी लावून रेघ पुढे ओढली. ती चढतच गेली. रेघेच्या म्हणण्याप्रमाणे ते तेल मी आजवर तपासलेल्या कोणत्याही फिनॉलपेक्षा कितीतरी पटींनी विषारी असायला हवे होते. मी भाकीत लिहिले आणि पाकीट बंद केले.

प्रयोगात प्राणी मेले नाहीत. दोन दिवस झाले तरी ते निवांत पोहत होते.

इतका चुकलेला अंदाज पाहून एखाद्याने थांबून विचार केला असता. माझ्याजवळ मात्र उत्तर तयार होते. फार लांब शेपटीचे पदार्थ पाण्यात विरघळतच नाहीत, म्हणून तिथे रेघ वाकते, हे मला पाठ होते आणि ते खोटेही नव्हते. मी फळ्यावर वाकलेली रेघ काढून दाखवली आणि मुलांनी ती उतरवून घेतली. बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा अपवाद वेळेत शिकवून झाला.

संध्याकाळी मामा काचेची भांडी धुवत होते. त्यांनी एक भांडे उजेडाकडे धरले.

"मॅडम, ह्येला आतनं कायतरी धरलंय. साबनानं निघंना. हाताला बी खाज सुटलीया."

"सोड्याच्या गरम पाण्यात ठेवा, मामा. आणि हातमोजे घाला, किती वेळा सांगायचे?"

"घालतो की. पर पान्यात टाकलेलं समदं काचंलाच बसलंय बघा. पान्यात काय ऱ्हायलं आसंल?"

मी वह्या तपासत होते. त्यांनी जे विचारले तो त्या आठवड्यातला सर्वांत चांगला प्रश्न होता, आणि मी मान वर केली नाही.

वैशाखात वहिनीचा फोन आला. आमच्याकडे वहिनी नणंदेला वन्सं म्हणते.

"वन्सं, तुमच्या दादांनी खांब आनल्यात. तळ्यावर जाळं बांधायचं हाय, बगळं लई. आनि म्हनत्यात, टरफलाच्या त्येलात बुडवूनच रोवायचं."

ही आमच्या भागातली जुनी रीत. पिंपात टरफलाचे तेल घेतात, लाकडाचे बूड त्यात आठ-पंधरा दिवस उभे करून ठेवतात आणि मग रोवतात. असा खांब ना वाळवी खाते, ना तो पाण्यात कुजतो. गोठ्याच्या मेढी, कुंपणाचे दांडे, सगळे असेच.

"मग अडचण काय, वहिनी?"

"आता काय सांगू? ज्या त्येलानं माझी बोटं खाल्ली, त्ये माशास्नी सोडंल व्हय?"

मागून दादाचा आवाज आला, "अगं, माशास्नी काय काजू फोडायला बशिवनार हाईस काय? इचार तिला. कालेजात शिकिवती ती, तुज्यागत अडानी हाय व्हय?"

"मी अडानीच बरी," वहिनी त्याला म्हणाली आणि मग मला, "सांगा वन्सं. तुमी म्हनशीला तसं."

मी सांगितले. तेल मी स्वतः तपासले आहे. ते पाण्यात विरघळत नाही, लाकडालाच धरून राहते. पाण्यातले सर्वांत नाजूक जीवदेखील त्याने मेले नाहीत. "चालेल, वहिनी," असे मी म्हणाले.  पलीकडे दादा हसला आणि फोन ठेवला गेला.

पावसाने तळे भरले. श्रावणात त्यांनी पाण्यात शेणाची रबडी सोडली. हीही नेहमीची रीत आहे. शेणाने पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात, पाणी हिरवट-तपकिरी होते आणि माशांची पिल्ले सुरुवातीला त्याच जिवांवर जगतात. मग हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून मत्स्यबीज आले. एकेक पिल्लू तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. वहिनीने पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवली, कोणीतरी सांगितले होते तशी, आणि मग तोंड सोडले. हे सगळे तिने मला फोनवर सांगितले. ती इतके सविस्तर कधी बोलत नसे. कारखान्यात तिने येत नाही म्हणून कळवलेही होते.

भाद्रपदात गौरी-गणपतीच्या सुट्टीत मी गडहिंग्लजवरून एस.टी.ने गावी गेले. पाऊस भुरभुरत होता. घरी पिशवी टाकून तळ्यावर गेले, तर काठावर शेजारची दोन माणसे उभी होती आणि कौतुक चालले होते.

"काय पानी हाय वो! आरशावानी. तळातला दगड दिसतोय."

पाणी खरोखरच स्वच्छ होते. खांब पाण्याखाली कुठवर गेले आहेत ते स्पष्ट दिसत होते. त्यांच्या बुडाशी काळसर गाळ होता आणि जिथे खांब पाण्याच्या पृष्ठभागाला छेदत होते, तिथे प्रत्येकाभोवती इंद्रधनुष्याच्या रंगांचे एक बारीक कडे होते. वारा आला की ते कडे मोडायचे आणि पुन्हा जुळायचे. बेडूक कुठेच नव्हता. भर पावसाळ्यात चंदगडात पाण्याच्या काठाने चालावे आणि एकही बेडूक उडी मारू नये, असे मी त्याआधी अनुभवले नव्हते.

वहिनी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिच्या हाताची साल निघून खाली नवी, गुलाबी कातडी आली होती.

"लोक म्हनत्यात पानी झ्याक हाय," ती हळू म्हणाली. "पर वन्सं, शेन घातलं की दोन दिस हिरवं ऱ्हातंय, परत निवळतंय. निवळायला नगो व्हतं न्हवं?"

"नको होते," मी म्हणाले.

"आनि पिल्लांची डोकी तेवढी वाढल्यात. अंग वाढंना."

तिने ओंजळीत पाणी घेऊन दाखवले. त्यात तीन पिल्ले होती. मोठी डोकी आणि मागे दोऱ्यासारखे शरीर. उपाशी पिल्ले अशीच दिसतात.

मी दोन बाटल्या भरल्या. एक तळ्याच्या पाण्याची आणि तुलनेसाठी दुसरी शेजारच्या भातखाचरातल्या पाण्याची. गौरी विसर्जनाला न थांबता कोल्हापूरला परत आले. प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद होती, मामांनी घरून येऊन कुलूप काढले. आधी खाचराच्या पाण्याचा थेंब पाहिला. तिथे जत्रा होती. मग तळ्याचा थेंब ठेवला. काहीच हलले नाही. नजर बसली नसेल म्हणून मी पुन्हा पुन्हा जुळवणी केली. दुसरा थेंब, तिसरा, सातवा. मेलेले प्राणी मी वर्षानुवर्षे पाहत आले होते. मोजायला काहीतरी असायचे. इथे मोजायला काहीच नव्हते. शेणाचे काही कण तेवढे पडलेले होते, आणि प्रत्येक कणाभोवती तेलाची एक पिवळसर झिलई होती.

ते कण पाहिल्यावर मला काय ते कळले. तरी मी प्रयोग केला, कारण कळणे आणि तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला उशिरा का होईना पटले होते. तेल तेच, मात्रा तीच, प्राणी तेच. एका भांड्यात नुसते पाणी, दुसऱ्यात पाण्यात कालवलेले थोडे शेण. नुसत्या पाण्यात तेल काचेला जाऊन बसले आणि प्राणी वाचले. शेणाच्या पाण्यात तेलाला काचेपेक्षा जवळचे आसन मिळाले. ते शेणाच्या कणांवर चढले. आणि माझे हे चपलेच्या आकाराचे प्राणी कणच खातात. विष त्यांना शोधत गेले नाही. त्यांनीच ते घासाघासाने आत घेतले. सकाळपर्यंत दुसऱ्या भांड्यात एकही उरला नव्हता.

म्हणजे रेघ वाकलीच नव्हती, निदान मी फळ्यावर दाखवली तितकी नव्हती. वहीत जी मात्रा मी लिहिली होती, ती प्राण्यांपर्यंत पोचलीच नव्हती. ती भांड्याच्या काचेवर होती. मामा तीच हातात धरून मला दाखवत होते.

मी दादाला फोन केला. खांब काढा, आजच काढा.

"आगं, चिखलात कमरंएवढं रोवल्यात! आनि आता? ह्या पावसात?"

"आत्ताच."

पलीकडून वहिनी एवढेच म्हणाली, "काढा."

त्यांनी दोन दिवसांत खांब उपसले. पाणी बदलायला पाऊस होताच, पण तोवर पिल्ले काठाला येऊन तोंड वर काढू लागली होती. आठवडाभरात एकेक करून संपली. तेलाने मेली की भुकेने, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. मी पिल्ले तपासली नाहीत. जे तपासले नाही ते सांगायचे नाही, असा नियम मी तेव्हापासून घालून घेतला आहे.

दिवाळीत गेले तेव्हा वहिनी पुन्हा कारखान्यात जात होती. संध्याकाळी ती दारात बसून बोटांना खोबरेल चोळत होती. नवी गुलाबी कातडी राहिली नव्हती. मी तिच्याशेजारी बसले. खोबरेलाची वाटी तिच्याजवळ सरकवली. तीच म्हणाली, "वन्सं, तुमी चालंल म्हनाला म्हनून रोवलं, आसं मनात आनू नगासा. मला सवताला वाटत हुतं की न्हाय चालायचं. पर चालावं आसंबी वाटत हुतं. तुमी म्हनाला आनि मी गप बसले."

मी विचारले, "खांब कुठे आहेत?"

ते परसात पडलेले असतील, असे मी धरून चालले होते. त्यांचे काय करायचे, याचीही मी एक योजना करून आले होते. वहिनीने आत दादाला हाक मारली. दादा बाहेर आला, जरा अभिमानानेच.

"ग्येलं की! एकाला बी वाळवी न्हाय, एकाला बी कूज न्हाय. खालच्या अंगाचं पावनं आलतं, ट्रॅक्टर घिऊन. म्हनालं, आसलं खांब आता कुठं मिळत्यात? समदं देऊन टाकलं."

"कोण पाहुणे? कुठल्या गावचे?"

"आता त्ये कुठं इचारलं? तळं हाय म्हनालं त्येंचं. जाळं बांधायचं हाय म्हनालं."

वहिनीचे हात थांबले. दादा आमच्या दोघींकडे आलटून पालटून पाहत राहिला.

त्या पाहुण्यांचा मी बराच शोध घेतला. बाजारात विचारले, एस.टी.त विचारले, मत्स्यबीज विकणाऱ्याला विचारले. पत्ता लागला नाही. ते खांब कुठेतरी पाण्यात उभे आहेत. आणि ते तेवढेच आहेत असेही नाही. रीत जुनी आहे, तेल मुबलक आहे आणि माझ्या वर्गातून वाकलेली रेघ उतरवून घेऊन गेलेली मुले आता ठिकठिकाणी शिकवत आहेत. त्यांतल्या ज्यांचे पत्ते मिळाले त्यांना मी कळवले आहे. सर्वांचे मिळाले नाहीत.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या तळ्याकाठी, विहिरीकाठी असे काळपट, तेलात मुरवलेले खांब असतील, तर माझ्या सांगण्यावरून ते ठेवूही नका आणि काढूही नका. दोन बादल्या घ्या. दोन्हींत ओढ्याचे किंवा खाचराचे जिवंत पाणी आणि चिमूटभर शेण घाला. एकीत त्या खांबाचा वीतभर तुकडा टाका, दुसरीत साध्या लाकडाचा. आठ दिवस थांबा. मग दोन्हींतला एकेक थेंब जवळच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून कोणी हलते आहे का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.